बंद घरातला बूस्टर

मोबाइलच्या जाळ्यात कुठे खरखर शिरली की ऑफिस कानसेनला धाडायचं. हे नाव त्याला हेडफोनमुळे पडलेलं. हातात दिशा दाखवणारा अँटेना, कानात खरखर. जिकडे ती वाढेल तिकडे स्वारी निघायची. बहुतेकदा खरखरीच्या मुळाशी कुणीतरी परस्पर बसवलेला सिग्नलचा बूस्टर सापडायचा. मालकाला चार शब्द सुनावून तो बूस्टर काढून आणायचा.

या खेपेच्या खरखरीने मात्र सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. केव्हाही यायची, केव्हाही जायची. टॉवरचा चॅनल बदलला की तीही मागोमाग नव्या चॅनलवर हजर. भाग रुग्णालयाजवळचा, रुग्णवाहिकांचे फोन मध्येच तुटत होते.

दुपारी ती पुन्हा सुरू झाली. अँटेनाने त्याला ओळखीच्या गल्लीत नेलं, ओळखीच्या जिन्याने वर चढवलं आणि आईच्या दारासमोर उभं केलं.

आई गेल्यापासून घर बंद होतं. आत बूस्टर होता खरा. तिचा आवाज तुटू नये म्हणून त्यानेच नियम गुंडाळून ठेवून बसवलेला. ती रोज फोन करायची. हा म्हणायचा, "नंतर बोलतो, आई." "राहू दे, कामात असशील," म्हणून ती ठेवून द्यायची. ते नंतर कधी आलंच नाही, आणि याची रुखरुख त्याला अजून नीट जेवू देत नव्हती.

त्याने कुलूप उघडलं. विजेचा मीटर केव्हाच काढून नेलेला. खिडकीतल्या बूस्टरची पिन सॉकेटबाहेर लोंबत होती, दिवा विझलेला होता. त्याने हात लावला.

बूस्टर कोमट होता.

हेडफोनमध्ये खरखर थांबली. पुन्हा आली. पुन्हा थांबली, कुणी उत्तराची वाट बघावं तशी.

त्याने हेडफोन कानावर घट्ट दाबला. "आई?"

खरखर एकदम हळू झाली. तिच्याआड कुणीतरी श्वास घेतला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ऑफिसातली सहकारी होती. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "नंतर बोलतो, आई," आणि त्याने फोन उचलला.

हेडफोन गप्प झाला.

"सर, साफ झालं! टॉवर एकदम मोकळा. काय केलंत?"

तो बूस्टर चाचपत राहिला. गार पडला होता.

"बोल ना, आई," तो रिकाम्या खोलीला म्हणाला. "मी ऐकतोय." त्याला काहीच ऐकू आलं नाही.

"सर," सहकारी जरा बिचकत म्हणाली, "तिथे कुणी आहे का? मागून एक बाई म्हणतायत, राहू दे, कामात असशील."