तसबिरीतली जागा

ओडेल माझ्याबरोबर एकवीस वर्षं टपालात होता. थापा मारणारा माणूस नव्हे. पोरांनो, हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं.

गेल्या नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. इथेच, आपल्या मेकन गावात, त्याची व्हर्लीन मावशी वारली होती. दफन दुसऱ्या दिवशी. रात्री साडेनऊला ओडेल आईची औषधं घेऊन मावशीच्या घरी पोचला. एक्क्याऐंशी वर्षांची आई, आपण मानाने मिस अर्नेस्टीन म्हणतो ती, बहिणीच्याच घरी झोपणार म्हणून हटून बसली होती. आपल्या रिवाजाप्रमाणे आरसे झाकलेले, भिंतीवरची मोठी तसबीर उलटी केलेली. माती होईपर्यंत ती सुलटी करायची नाही. काचेत जो दिसेल, पुढचा नंबर त्याचा.

पण आईला तसबिरीतले तिचे आईवडील बघायचे होते. ओडेलने टाळाटाळ करून पाहिली.

"उद्या रडून रडून मला काही दिसायचं नाही," ती समोरच्या पलंगावरून म्हणाली. "आत्ताच दाखव."

त्याच्याने नाही म्हणवेना. त्याने तसबीर सुलटी केली.

तसबीर १९३८ची. आजोबांचं स्वतःचं औषधांचं दुकान होतं. कोटावर घड्याळाची सोन्याची साखळी. आजीच्या गळ्याशी कोल्ह्याची फर, कोपरापर्यंत हातमोजे. दोघं खांद्याला खांदा लावून उभी. आपल्या काळ्या माणसांना गोऱ्यांसाठी फुटपाथवरून खाली उतरावं लागे तेव्हाची गोष्ट, आणि या दोघांची नजर अशी, की समोरच्यानेच बाजूला व्हावं. ती बघून ओडेलची छाती दर वेळी फुगायची.

"काय ऐट आहे!" आई म्हणाली. "आणि मी बघ, अगदी मधोमध."

काचेत तिचा चेहरा होता. दोघांच्या मध्ये.

ओडेल घाईने तसबीर फिरवू लागला. फिरेना. पलीकडून कुणी धरल्यासारखी...

"थांब रे." आईने हनुवटी वर केली होती, लहान मुलीसारखी. "आई माझी कॉलर नीट करतेय."

तिचे स्वतःचे दोन्ही हात पांघरुणात होते.

कॉलर हलत होती.

त्याने सगळ्या अंगाचा जोर लावला. तसबीर वळली. मग... काहीच नाही. आईचा श्वास ऐकत तो उजाडेपर्यंत बसून राहिला.

दफन झाल्यावर त्याने तसबीर सुलटी केली. आजोबा होते. आजी होती. पण दोघं एकेक पाऊल बाजूला सरकलेली. मध्ये एका माणसापुरती जागा.

तसबीर आता माळ्यावर आहे. आईला त्याने काही सांगितलेलं नाही. परवा संध्याकाळी मी त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर मिस अर्नेस्टीन ठेवणीतला रेशमी झगा घालून दाराकडे तोंड करून बसलेल्या. रोजच बसतात म्हणे. कुठे निघालात, म्हणून विचारलं.

त्यांनी हसून हनुवटी वर केली.