उंबरठा जरा खाली

ती चुकीच्या होडीत चढली आणि तिथून सगळं सुरू झालं. विद्यापीठाने ठरवलेली होडी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, आणि ही बया पत्र्याचा तिकोनी परावर्तक छातीशी धरून भलत्याच होडीत हुकूम सोडत होती, "हा डोलकाठीवर बांधा. रडारला होडी दिसायला हवी."

"बांधतो की," होडीवाला म्हणाला. "पण बाई, मला भाड्याने घेतलंय, की पळवून नेताय?"

ती कानापर्यंत लाल झाली. होडी मात्र तीच राहिली.

मग रोजचंच झालं. तो समुद्रात, ती टेकडीवरच्या खोलीत पडद्यासमोर, आणि दोघांच्या मध्ये रेडिओ. लाटाही रडारवर होड्यांसारख्याच चमकतात. त्या गर्दीतून खरी होडी ओळखायचं गणित हा तिच्या पीएचडीचा विषय. किती ठळक चमक झाली की तिला होडी म्हणायचं, त्या मर्यादेला ती 'उंबरठा' म्हणे. उंबरठा उंच ठेवला तर लहान होडी निसटते. खाली घेतला तर लाटाच होड्या बनून आत घुसतात.

"मी आज उंबरठ्याच्या आत, की बाहेर?" तो रेडिओवर विचारी.

"बाहेरच. पाय पुसून उभे राहा."

तो खो-खो हसे. त्या हसण्यात आपल्यासाठी काही वेगळं आहे, की तो सगळ्यांशीच असा हसतो... एवढं एक गणित मात्र तिला सुटत नव्हतं.

शेवटच्या चाचणीच्या दुपारी अचानक धुकं उतरलं. रेडिओ खरखरला, "डोलकाठी मोडली, मी—" आणि आवाज तुटला. पडद्यावरचा ठिपका विझला. परावर्तक गेला होता. उरली होती लाटांइतकीच फिकट एक लाकडी होडी, आणि वारा तिला खडकांकडे ढकलत होता.

रेडिओवर हे ऐकून त्याचे काका आपली होडी घेऊन निघाले. "पोरी, तुझ्या त्या टीव्हीत बघून सांग, कुठे जाऊ?"

तिने उंबरठा खाली घेतला. दिवसभराची चाचणी बाद झाली, होऊ दे. पडद्यावर गोवर उठावा तसे ठिपके उठले. त्यातला सगळ्यात ठळक तिने निवडला. "काका, उजवीकडे. दीपस्तंभाच्या रेषेत."

काका गेले. ती नखं खात बसली.

"इथे कोणी नाही गं," काकांचा आवाज आला, दमलेला. "नुसतं पाणी आहे."

ती लाट होती. आपण माणसाला सोडून लाटेमागे धावलो! आता पुन्हा चुकून चालणार नव्हतं... पण शेकडो ठिपक्यांत त्याचा कोणता?

त्याला बोलता येत नसेल, पण ऐकू येत असेल तर? लाटा वाऱ्याबरोबर जातात. माणूस उलटा जाऊ शकतो! तिने रेडिओचं बटण दाबलं.

"ऐकतोयस? वारा तोंडावर घे आणि सरळ ये. खडक तुझ्या मागे आहेत. धुक्यात दिशा कळेना म्हणून इंजिन बंद ठेवलं असशील, तर आता चालू कर. घाबरू नको. ये ना रे... तू दिसला नाहीस तर मी... मी रोज कोणाशी भांडू?"

रडारची एक फेरी झाली. सगळे ठिपके खडकांकडे सरकले. दुसरी फेरी. एक फिकट, आहे-नाहीसा ठिपका जागचा हलला नाही. ती ओरडणार होती, पण ओठ दाताखाली धरून थांबली. मघाशी घाईच नडली होती. तिसऱ्या फेरीत तोच ठिपका केसभर इकडे सरकला. चौथ्या फेरीत आणखी.

"काका, डावीकडे! अजून डावीकडे... आता हाक मारा!"

रेडिओवर बराच वेळ नुसता वारा. आणि मग काकांची सणसणीत शिवी, तिच्यामागे रडवेलं हसू. "सापडला गं! सापडला गाढव!"

ती धक्क्यावर पोचली तेव्हा तो चिंब भिजून काकांच्या घोंगडीत बसला होता.

"तुमचा रेडिओ—"

"मघाशी 'तू' होतो."

"म्हणजे... ऐकू आलं?"

"शब्दन् शब्द. उत्तर द्यायला बटण दाबून दाबून अंगठा सुजला, बघ."

"काय उत्तर?"

"हेच की... भांडायला मी आहे. जन्मभर. म्हणजे... तुला चालणार असेल तर."

तिने त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. काका दोर गुंडाळायच्या निमित्ताने लांब गेले.

"चाचणी पुन्हा करावी लागेल," ती म्हणाली. "आणि या वेळी मी होडीत बसणार. तिकडे बसून तुला शोधणं मला झेपत नाही."

"मग पडद्यावर कोण बघणार?"

"माझे पीएचडीचे सर बघतील."

"आणि त्यांना आपण दोघं दिसलो तर?"

"दिसू देत."