चाचणी चालू असताना बोलू नये

शेवटी ती ‘हो’ म्हणाली. पण तसं काही घडलंच नाही, असं धरून चालू.

ती हृदयाची सोनोग्राफी करायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पहिल्या दिवशी तो दारातून डोकावला, तर ती मान वर न करता म्हणाली, “शर्ट काढा, डाव्या कुशीवर झोपा.” तो मुकाट्याने झोपला. थंडगार जेल लागल्यावर शहारला.

“हृदय तर ठणठणीत आहे! आलात कशाला?”

“बाबांचा नंबर कधी लागेल, ते विचारायला.”

बाबांचं हृदय मात्र थकलं होतं. त्याच्या दोन बाजू, अबोला धरलेल्या जोडप्यासारख्या, आपापल्या वेळेला आकसत होत्या. पेसमेकरने त्यांना एका तालावर आणायचं होतं. पण सगळ्यांना त्याचा गुण येत नाही; कोणाला येईल, याचा अंदाज बांधणं हे तिचं काम.

“बाबांना येईलसं वाटत नाही,” ती हळूच म्हणाली.

“आणि तुम्ही चुकलात तर?”

“चुकले तर... पेढे मी देईन.”

डॉक्टरांनी तरीही पेसमेकर बसवला. काही महिन्यांनी चालण्याची चाचणी आली. सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये फेऱ्या. मागच्या वेळी बाबा चारच फेऱ्यांत बसले होते. चाचणी घेणाऱ्याने ठरलेली दोनच वाक्यं बोलायची : ‘छान चाललंय’ आणि ‘असंच चालू ठेवा’. जास्त धीर दिला की पेशंट उगाच जोर लावतो आणि निकाल बाद होतो.

बाबा निघाले. ती घड्याळ घट्ट धरून उभी. शेजारी तो.

“मला तुम्ही आवडता,” तो एकदम म्हणाला.

तिचे कान लाल झाले. “छान चाललंय.”

“म्हणजे... बोलत राहू?”

“असंच चालू ठेवा.”

“काय म्हणाली रे?” बाबा जवळून जाताना.

“बाबा, तुम्ही चाला हो!”

चौथ्या फेरीला बाबा भिंतीला टेकले. छाती भात्यासारखी हलत होती. तिने खुर्ची ओढली. आपला अंदाज आयुष्यात पहिल्यांदाच तिला इतका नकोसा झाला.

बाबांनी खुर्ची हाताने दूर सारली. “उत्तर ऐकल्याशिवाय बसणार नाही.” आणि निघाले.

पाचवी फेरी पूर्ण झाली. वेळ अजून शिल्लक होता.

“चुकलात तुम्ही,” तो भरल्या डोळ्यांनी म्हणाला. “आता तरी सांगा ना...”

“हो!” ती जवळजवळ ओरडलीच.

बाबा चक्क धावले.

संध्याकाळी तिने विभागप्रमुखांना अर्ज दिला : ‘सदर “हो” पाचव्या फेरीनंतर उच्चारला गेल्याने तो उत्तेजन न समजता, भावी सासऱ्यांचा निकाल धावलेल्या अंतरासह ग्राह्य धरण्यात यावा, ही नम्र विनंती.’