न बांधलेल्या घराची सावली

समोरच्या रिकाम्या जागेत आंद्रीने काठ्या उभ्या केल्या, तेव्हा मेंगियाने नाक मुरडलं. गावचा नियमच तो. घर बांधायचं तर आधी चारी कोपऱ्यांवर घराच्या उंचीच्या काठ्या रोवायच्या, वर छपराच्या उताराच्या पट्ट्या ठोकायच्या आणि गावाला बघू द्यायचं. हरकत असेल त्याने कचेरीत जावं. निकाल लागेपर्यंत काठ्या हलवायच्या नाहीत.

"काकू, तुमचं ऊन फारसं अडणार नाही हं!" आंद्री कुंपणापलीकडून ओरडला.

"फारसं म्हणजे किती रे? हिवाळ्यात डोंगर जेमतेम तासभर ऊन देतो, त्यात तू वाटेकरी!"

त्या उन्हावरच तिचा नवरा दुरी तग धरून होता. पक्षाघाताने त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला होता. दुपारी खिडकीत ऊन आलं की तो डोळे मिटून हसायचा. तेवढ्या हसण्यात मेंगियाचा जीव अडकला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन रोजच्यासारखंच त्याच्या मांडीवर उतरलं. पण तो कुडकुडत म्हणाला, "थंडी वाजते गं."

"उन्हात बसून थंडी? काहीतरीच तुझं!" तिने त्याचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता.

जवाच्या सूपच्या पातेल्याखालचा गॅस बंद करून ती अंगणात आली. सगळीकडचं बर्फ पाझरत होतं. काठ्यांच्या सावल्या दोऱ्यासारख्या बारीक पडल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध बर्फाचा एक मोठा पट्टा मात्र कडक, कोरडा राहिला होता. त्याच्या कडा सरळ होत्या. टोकाला छपराच्या उताराचा आकार होता.

तिने आंद्रीला हाक मारली. त्याने खाली बघितलं, वर काठ्यांकडे बघितलं.

"वाऱ्याने साचलं असेल, काकू," तो म्हणाला. पण त्या पट्ट्यावर त्याने पाय ठेवला नाही. कडेकडेनेच परत गेला.

पट्टा रोज थोडा पुढे सरकत खिडकीखाली आला. दुरी आता उन्हात हसेनासा झाला. ऊन गेल्यावर हसायचा, मान वर करून, काठ्यांच्या टोकांकडे बघत.

"कुणाकडे बघतोस रे?" तिने विचारलं.

"वरच्या मजल्यावरच्या माणसांकडे."

"तिथे काठ्या आहेत, दुरी. नुसत्या काठ्या."

"चांगली आहेत," तो समजावल्यासारखं म्हणाला. "बोलावतात."

त्याच दिवशी मेंगियाने कचेरीत हरकत नोंदवली. भांडायची तिची तयारी होती, पण आंद्रीने आपणहून बांधकामाचा अर्ज मागे घेतला.

"नको ते घर, काकू," एवढंच तो म्हणाला.

काठ्या ट्रॅक्टरवर चढल्या. जागा मोकळी झाली. दुपारी लख्ख ऊन पडलं. 'सुटले रे देवा!' म्हणत मेंगिया खात्री करायला त्या जागेच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

ऊन डोळ्यांवर येत होतं.

गाल मात्र गारच होते. तोंडातून वाफ निघत होती.

ती घाईने वळली. समोर तिच्याच घराची खिडकी होती. दुरी खिडकीत बसला होता, तिच्या डोक्यावरून वर कुठेतरी बघत, लहान मुलासारखा हसत.

आणि उजवा हात हलवत होता.