वळणाआधीची टकटक

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती, तर मी तिचा शेवट जरा बरा केला असता.

साल १९८७. डिसेंबर महिना. फिनलंडमध्ये केउरू गावापासून थोडं आत, तळ्याकाठी आमचं घर होतं. त्या दिवसांत दुपारी तीनलाच अंधार पडायचा. घरात मी, माझा नवरा उर्हो, आणि अंगणात त्याची लाल गाडी.

गाडी दोन दारांची, एके काळी शर्यतीत धावलेली. उर्हो चालवायचा. त्याचा धाकटा भाऊ ओन्नी उजवीकडच्या सीटवर बसून पुढची वळणं सांगायचा. पण इंजिनाच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नसे. म्हणून ओन्नी दारावर बोटांनी टकटक करायचा.

डावं वळण, एकदा. उजवं, दोनदा.

थांब म्हणायचं असलं, तर तीनदा.

ओन्नी १९७९ साली गेला. गाडीत नव्हे, इस्पितळात, छातीच्या दुखण्याने. त्यानंतर शर्यती संपल्या. उर्हो तीच गाडी घेऊन लाकूड कापायच्या गिरणीत कामाला जाऊ लागला.

आणि मग कधीतरी गाडीतून आवाज यायला लागला...

टक.

मी त्या गाडीत कधी बसत नसे, पण ती घराजवळच्या वळणावर आली की अंगणात ऐकू यायचं. मला वाटलं, गाडी म्हातारी झाली. आम्हीही झालोच होतो. सांधे वाजणारच.

त्या हिवाळ्यात गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. बॉल जॉइंट सैल, शॉकअप गळके, स्प्रिंगा बसलेल्या, एक रिम वाकलेली. नाताळाआधी दुरुस्त करून दाखवा, नाहीतर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

गिरणी लांब. बस नाही. गाडी गेली की उर्होचं काम गेलं.

शेजारच्या कालेर्वोने गोठ्यात गॅरेज थाटलं होतं. त्याने गाडी वर उचलली, खाली वाकून पाहिलं आणि शीळ घातली.

"उर्हो, ही गाडी आहे की भंगाराचं गाठोडं?"

"चालते," उर्हो म्हणाला.

"माझी सासूपण चालते. तिला कोणी शर्यतीत नेत नाही."

उर्हो हसला नाही. "आवाज राहिला तरी चालेल मला."

"अरे, लोक माझ्याकडे आवाज घालवायला येतात!"

कालेर्वोने सगळं नवं घातलं. कडक स्प्रिंगा, शॉकअप, सांध्यांतले रबरी बुश, बॉल जॉइंट. जुन्या रिमांच्या जागी हलक्या, रुंद रिम आणि बर्फातले खिळ्यांचे टायर. राहिली फक्त शेवटची आवळणी. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नसतात. चाकं जमिनीवर हवीत, आत माणसांइतकं वजन हवं. आमच्याकडे त्यासाठी सीटवर बटाट्यांची पोती ठेवत.

कालेर्वोने चालकाच्या सीटवर एक पोतं ठेवलं.

"दुसरं?" उर्होने विचारलं.

"दुसरं कशाला? एकटा तर फिरतोस."

"नेहमी दोन ठेवायचो आपण."

"तेव्हा दोघं होतात, बाबा. ओन्नीला जाऊन आठ वर्षं झाली."

मी कॉफी घेऊन दारात उभी होते. उर्होने माझ्याकडे पाहिलं. फार दमलेला दिसला. त्याने कप घेतला.

कालेर्वोने एका पोत्यावरच बोल्ट आवळले.

संध्याकाळी उर्हो एक फेरी मारून आला. गाडी वळणावरून आली, तरी अंगणात काही ऐकू आलं नाही.

"आवाज गेला," तो म्हणाला.

"बरं झालं ना?"

"हं."

त्या दिवशी तो सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, आला नाही. शनिवार असूनही.

दुसऱ्या दिवशी म्हणाला, गाडी उजवीकडे ओढते. कालेर्वोने हवा पाहिली, अलाइनमेंट पाहिली. सगळं ठीक. मग तो मागे सरकून बघत राहिला.

गाडी रिकामी उभी होती. सपाट जमिनीवर. नव्या स्प्रिंगांवर.

आणि उजवी बाजू बोटभर खाली बसली होती...

पुन्हा तपासणीला जायच्या दिवशी मीही निघाले. नाताळची मासळी आणायची होती. ओन्नीनंतर त्या सीटवर बसणारी मी पहिलीच.

हीटर पुरता चालू होता. पाय गरम झाले. पाठ मात्र गारच राहिली. जाड कोटातूनही.

बर्फ पडत होता. अंधारून आलं होतं. खडीच्या खाणीपाशी रस्ता डावीकडे वळतो. गाडी छान, गुपचूप चालली होती. उर्हो वेगात होता.

आणि मग...

टक. टक. टक.

गाडीखालून नाही. माझ्या कानाशी. काचेवर.

बाहेरून.

उर्होने ब्रेक दाबला. टायरचे खिळे बर्फात करकरले. गाडी घसरत वळणाच्या तोंडाशी थांबली.

वळणापलीकडे लाकडाचा ट्रक रस्त्यावर आडवा पडला होता. दिवे विझलेले. त्याचा ड्रायव्हर हात हलवत आमच्याकडे धावत येत होता, पण अजून बराच लांब होता.

उर्हो स्टिअरिंग धरून बसून राहिला.

"रुसला होता," तो म्हणाला. "लहानपणापासून तसाच. आणि आज त्याच्या जागेवर तू बसलीस."

मी काचेकडे पाहिलं. बाहेरच्या बर्फाच्या थरात तीन गोल ठिपके होते. बोटांच्या पेरांएवढे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, बुश बदल."

रस्ता मोकळा झाल्यावर मी मागच्या अरुंद सीटवर गेले. तपासणीत गाडी पास झाली. परतताना उर्हो थेट कालेर्वोकडे गेला. "दुसरं पोतं आण," एवढंच म्हणाला. कालेर्वोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पोतं आणलं. बोल्ट ढिले केले, पुन्हा आवळले. पोती काढली. गाडी सरळ उभी राहिली.

मग कालेर्वो एकटाच फेरी मारून आला. आला तो किल्ली ठेवून हात धूत बसला. पुष्कळ वेळ.

त्या गाडीत तो पुन्हा बसला नाही. पुढे मुलीकडे तुर्कूला राहायला गेला आणि तिकडेच वारला.

उर्होने निवृत्त होईपर्यंत गाडी चालवली. त्याच्यामागे मी ती सारा नावाच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईला विकली. ती आडरस्त्यांनी एकटीच फिरते. वर्षभराने तिचा फोन आला.

"आजी, गाडी छान आहे हो. फक्त एक टकटक येते. दोन मेकॅनिकांनी पाहिली, काही सापडत नाही."

"वळणात येते, की वळणाआधी?" मी विचारलं.



"आधी," ती म्हणाली.

नंतर तिने फोन केला नाही. गाडी अजून तिच्याकडेच आहे, असं ऐकते.

उर्हो १९९८ च्या मार्चमध्ये गेला. घरी, झोपेत, माझ्या शेजारी. पहाटे हात लावला तेव्हा कळलं. आमचा पलंग खिडकीला लागून होता. गाडी बाहेर, त्याच खिडकीखाली उभी असायची.

आदल्या दिवशी मी फार दमले होते. गाढ झोपले.

त्याच्यासाठी कोणी टकटक केली होती का, हे मला माहीत नाही.

आता मी एकटी त्याच पलंगावर झोपते, त्याच्या बाजूला, खिडकीकडे तोंड करून. पण अलीकडे मला ऐकू कमी येतं.