रुक्माताईची भीती

खारवण्याच्या शाळेत वादळाचा धडा आता फळ्यावर नसायचा. तो थेट डोक्यात घालायचे. कापडी टोपी, टोपीला आतून बटणाएवढ्या चकत्या, आणि खुर्चीत वीस मिनिटं गप्प बसायचं. चौथीच्या अकरा पोरांचं काल उरकलं होतं. कुणाला काही दुखलं नाही. उलट टोपीला बिस्किटाचा वास येतो म्हणून पोरं हसत होती.

नरहरी भुवडला मात्र हसू येत नव्हतं. पहिली आणि चौथी त्याच्याच एका खोलीत बसायची, आणि पहिलीत त्याची स्वतःची मुलगी होती, रेणू.

"नक्की काय शिकवलंत तुम्ही यांना?" त्याने डॉक्टर केतकी ओझरकरांना विचारलं. टोपीवाली तुकडी त्यांचीच.

"घाबरायला शिकवलं," त्या म्हणाल्या. "बाकी काही नाही."

"ते माझ्या गणिताच्या तासाला आपोआप शिकतात."

डॉक्टर हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. पूर्वी वादळ लांब समुद्रात जन्माला यायचं, चार दिवस चालत यायचं, बातम्यांत त्याचं बारसं व्हायचं. आता किनाऱ्याजवळचं पाणीच इतकं तापायचं की वादळ दारातच उठून उभं राहायचं. लोक त्याला उभं वादळ म्हणायचे. पहिल्या ढगापासून लाट गावात शिरेपर्यंत दीड तास, कधी चाळीसच मिनिटं. भोंगा वाजायच्या आधी भोंग्याचा खांब पडायचा. कवायतीत पोरं खिदळायची आणि खऱ्या वादळात जागच्या जागी थिजायची. दोन वर्षांत किनाऱ्यावरच्या तीन शाळा अशाच गेल्या होत्या.

"साप दिसला तर तुम्ही आधी विचार करता की आधी उडी मारता?"

"उडी."

"ती उडी मेंदूतल्या बदामाएवढ्या गाठीत असते. शब्दांनी तिथे पोचता येत नाही. पण जो माणूस वादळातून जिवंत आलाय, त्याच्या त्या गाठीत वाचण्याची उडी कोरलेली असते. आम्ही ती उतरवून घेतो आणि मुलांच्यात उतरवतो. चित्र नाही, गोष्ट नाही, वाईट स्वप्नं नाहीत. हवेचा दाब पडला की कानाला कळतं, आणि डोक्याला कळायच्या आत पाय निवाऱ्याकडे निघतात. आम्ही याला भयपाठ म्हणतो."

इथे उतरवलेली भीती रुक्माताई तांडेलची होती. बारा वर्षांपूर्वीच्या वादळात शाळेकडून साकवावरून, म्हणजे पऱ्ह्याच्या ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून, टेकडीवरच्या निवाऱ्यात जिवंत पोचलेली ती एकटीच. तिची सहा वर्षांची लेक लाटेने हातातून हिसकावून नेली. तेव्हापासून शाळेने एक रीत पाडली होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी पहिलीतलं एकेक पोर चौथीतल्या एकेकाच्या हाती द्यायचं, दोघांच्या तोंडात साखर घालायची, आणि पुढे वर्षभर हजेरीसुद्धा जोडीने घ्यायची. 'दुर्वा-रेणू' असं म्हटलं की दोघी एकदम ओरडायच्या. दुर्वा चौगले रेणूची वेणी घालून द्यायची आणि तिच्या डब्यातली भाजी खायची. नरहरीला तिचा मोठा आधार वाटायचा.

मंगळवारी साडेअकराला तो भागाकार शिकवत होता. बाहेर लख्ख ऊन. अचानक अकरा पेन्सिली थांबल्या.

चौथीची सगळी पोरं उभी राहिली. कुणी कुणाला काही बोललं नाही. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरला आणि सगळी चालायला लागली, मग पळायला. आवाज फक्त पायांचा. बावीस पोरं आणि एकाच्याही तोंडून शब्द नाही, हे नरहरीने आयुष्यात ऐकलं नव्हतं. व्हरांड्यात डॉक्टर घड्याळ लावून उभ्या होत्या. "भोंगा अजून झाला नाही," त्या पुटपुटल्या. चेहरा आनंदाने फुललेला.

नरहरी आणि डॉक्टर त्यांच्यामागे धावत साकवाशी पोचेपर्यंत ऊन गेलं होतं. खाडीचं पाणी पऱ्ह्यात उलटं चढत होतं. पोरं पुलाच्या मध्यावर आली आणि वाऱ्याचा पहिला फटका बसला.

तेव्हा अकरा हात उघडले.

कुणी झटकला नाही, कुणी ढकललं नाही. झोपेत मूठ सुटते तशी सुटली. चौथीची पोरं मागे न बघता टेकडी चढली. लहान अकरा जण हात पुढे करून पुलावर तशीच उभी राहिली, कारण त्यांना शिकवलं होतं की हात सोडायचा नाही आणि आता हातच नव्हता. "दुर्वाताई, मी राहिले," रेणू म्हणाली. अगदी साध्या आवाजात, डबा राहिला म्हणून सांगावं तशी.

पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. नरहरीने दोन-दोन करून पोरं वाहिली. डॉक्टरांनी घड्याळ टाकलं आणि त्याही पाण्यात उतरल्या. पहिल्या खेपेत त्याने रेणूला उचललं नाही. तो मागून उचलत गेला आणि ती सगळ्यात पुढे होती, म्हणून सगळ्यात शेवटी नेली. पुढे त्याला वाटायचं, तिथे जरासा विचार केला असता तर उलट केलं असतं.

वादळ दक्षिणेला सरकलं. सगळी वाचली. निवाऱ्यात दुर्वा आपल्या तळहाताकडे बघत बसली होती.

"गुरुजी, मी नाही सोडला. तो सुटला."

"ठाऊक आहे मला."

"मला सोडायचाच नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नरहरी रुक्माताईकडे गेला. ती मांडवात बसून वादळाने उधळलेली सुकी मासळी वेगळी करत होती.

"ताई, लाटेने लेक हिसकावली म्हणालात ना?"

"बारा वर्षं तेच सांगतेय."

"आणि खरं?"

"लाट मागून आली, गुरुजी. साकवावर पाणी मांडीला लागलं. पोरगी हाताला जड झाली. मी बोटं उघडली आणि पळाले. त्या बाई म्हणाल्या, गोष्ट जात नाही, नुसती भीती जाते. म्हणून बसले त्या खुर्चीत. म्हटलं, आपल्या भीतीने चार पोरं जगतील."

"गोष्ट गेली नाही ताई. कुणाला काही दिसत नाही."

"माझा हात तर गेला ना पोरांच्यात."

नरहरी तसाच शाळेत आला. डॉक्टर ऑफिसात बसल्या होत्या, डोळे लाल. "दुसऱ्या कुणाची भीती घाला," तो म्हणाला. "ज्याने हात सोडला नाही अशा कुणाची."

"कालपासून तेच शोधतेय. सगळ्या किनाऱ्यावर मिळून आमच्याकडे दोनशे अकरा माणसांची भीती आहे. त्यातल्या चौसष्ट जणांच्या हाताला कुणीतरी होतं. मूल, म्हातारी आई, बायको. चौसष्टच्या चौसष्ट ठिकाणी मूठ उघडते."

"सगळी माणसं वाईट होती?"

"नाही हो. घट्ट धरणारेही असणारच. पण ते आमच्या खुर्चीत येऊन कसे बसणार? वाचण्याचा धडा वाचलेल्यांकडूनच घ्यावा लागतो. आणि मला हे कधी सुचलंच नाही. मी पाय मोजत बसले."

"मग पुसून टाका."

"पुसता येत नाही. भीती पुसली गेली असती तर माणूस इतकी वर्षं टिकलाच नसता." त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. "एकच वाट आहे. पहिलीलाही भयपाठ द्यायचा. म्हणजे पुलावर कुणी कुणाची वाट बघत थांबणार नाही. बावीस पोरं, बावीस जण आपापले धावतील. हा रेणूचा कागद, पालकांची सही. हा तुमचा. शिक्षकांनाही द्यायचा असं वरून आलंय."

नरहरीने तालुक्याच्या दवाखान्यात नर्स असलेल्या बायकोला फोन लावला, सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "पुलावर उभी होती ती, तू डोळ्यांनी बघितलंस ना? कर सही."

त्याने केली. स्वतःचा कागद कोरा परत दिला.

"एखादं पोर ठेचकाळून पडलं तर मागे वळणारं कुणीतरी लागेल," तो म्हणाला.

"तुम्ही वाचणार नाही, गुरुजी."

"मग माझी भीती तुमच्या यादीत येणार नाही. एवढंच ना."

डॉक्टर टोप्या आणायला उठल्या.

शुक्रवारी दुपारी रेणूची वीस मिनिटं झाली. शाळा सुटल्यावर बापलेक घराकडे निघाले. हवा स्वच्छ होती, समुद्र तव्यासारखा सपाट. तरी नरहरी दर चार पावलांनी पश्चिमेकडे बघत होता. रेणूला ते कळलं असावं.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"दुर्वाताईने मला सगळं समजावलं. ते कसं होतं ते." तिने दप्तर खांद्यावर नीट सरकवलं. "तू पडलास तर मी थांबणार नाही. मला थांबायचं असेल, पण पाय ऐकणार नाहीत. आत्ताच सांगून ठेवते."

"बरं."

"आणि मागून हाक मारू नकोस हं, बाबा. मला ऐकू येईल."