पाचवं पान

वरच्या खोलीतला भाडेकरू जिना चढताना पाय वाजवायचा नाही, ही आईंची त्याच्याबद्दलची पहिली आणि कायमची तक्रार. "माणूस आहे की मांजर? सज्जनाची चाहूल लागते!" तो नकाशे काढायचा, म्हणून घरात त्याचं नाव नकाशेवाला.

त्या दुपारी तो असाच दारात उगवला. काखेत लॅपटॉप, खांद्यावर झिमझिम पावसाचे थेंब... लेकीने मान वर केली आणि ती वरच राहिली.

"मोठा कागद छापायचा होता. माझा प्रिंटर लहान आहे."

"बाबांच्या खोलीत मोठा आहे. त्यांच्या कॉम्प्युटरला तुमचा जोडून देते, मग तुमच्या खोलीत बसूनच छापा."

"पासवर्ड?"

"आईला विचारावा लागेल."

"आणि तुम्हाला काही विचारायचं असेल तर—?"

"तेही आईलाच!" ती हसली.

दाराआड आईंची भुवई चढली. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. उरली ही एक लेक. ती गेली की भिंतींशी बोलायचं.

आठवड्याने ते सुरू झालं. भर दुपारी, बंद खोलीत, बाबांचा प्रिंटर आपोआप घरघरला. आईंनी दार ढकललं. बाबांची खुर्ची रिकामी, कागद मात्र गरम. अक्षराला अक्षर लावत त्यांनी वाचलं: 'आज तू जिन्यावर थांबलीस. मी पाहत होतो.'

सर्रकन काटा आला. जिन्यावर त्या थांबल्या होत्याच की, गुडघ्यापायी!

दुसऱ्या दिवशी आलं: 'केस मोकळे छान दिसतात.' तिसऱ्या दिवशी: 'तू दिसली नाहीस की घर खायला उठतं.' आईंनी कुणाला सांगितलं नाही. केस मात्र मोकळे सोडले.

चौथं पान आलं: 'शनिवारी मी जातोय. येशील माझ्याबरोबर?'

न्यायलाच आला की काय हा माणूस! आईंनी चारही पानं लेकीपुढे टाकली. लेक कानापर्यंत लाल झाली.

"आई... हे बाबांचं नाही गं."

नकाशेवाल्याला बोलावलं. तो खाली मान घालून म्हणाला, "काकू, छापताना तुमचाच प्रिंटर निवडलेला राहिला. माझ्याकडे कागद येईना, वाटलं, बिघडला. बरंच झालं म्हटलं... हिला द्यायचा धीर कुठे होता?"

आईंचं मोकळ्या केसांचं डोकं तापलं. ताडताड खोलीत जाऊन त्यांनी कॉम्प्युटरची आणि प्रिंटरची, दोन्ही वायरी उपटल्या. "बंद! ही जोडणी बंद आणि ही थेरंही बंद. पोरगी कुठे जायची नाही!"

लेकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. वायरी आईंच्या हातात लोंबत होत्या...

आणि प्रिंटर घरघरला.

तिघंही जागीच थिजली. कागद सावकाश बाहेर सरकला. एकच ओळ: 'तिखटे, पोरीला जाऊ दे.'

"मी नाही, काकू... शप्पथ!" नकाशेवाला पांढराफटक पडला होता.

"ठाऊक आहे." त्या नावाने हाक मारणारा एकच होता, आणि तीही दार लावून, चारचौघांत कधी नाही. आईंनी कागदाची घडी केली, कमरेला खोचली. रिकाम्या खुर्चीकडे एकवार पाहिलं, केस बांधले आणि नकाशेवाल्यापुढे उभ्या राहिल्या.

"चार पानं तुझी, ती घे. पाचवं माझं. शनिवार पुढे ढकल, लग्न लावून ने हिला. आणि पुन्हा या घरी येशील तेव्हा पाय वाजवत ये रे बाबा... न वाजवता येणारा एक आहे इथं, तेवढा पुरे."